बारशादिवशी मिटवलेले इशारे

शाहूपुरीतल्या त्या सहकारी बँकेत क्रांती मॅनेजर उदयसिंहांना मामा म्हणायची, आणि ते नुसतं तोंडदेखलं नव्हतं. तिला सख्खा मामा नाही म्हणून लग्नात अंतरपाटाअलीकडे तिच्यामागे मामा होऊन तेच उभे राहिले होते. अशा माणसाने पासवर्ड मागितल्यावर नाही कोण म्हणेल? बाळंतपणाच्या रजेवर जाताना क्रांतीने तो देऊन टाकला. "मागं काम अडायला नको. तू निवांत बाळाकडं बघ," मामा म्हणाले होते.

बँकेतलं नवं सॉफ्टवेअर मोठं चौकस. एखाद्या खात्यात न शोभणारी रोकड येऊ लागली की ते इशारा द्यायचं. चौकशी करून इशारा मिटवायचं काम क्रांतीचं. रजा संपवून ती परतली आणि त्याच आठवड्यात मुख्य कार्यालयातून अंतर्गत तपासणीला अमरेश आला. मामांच्या केबिनमध्येच त्याने लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

"मॅडम, ह्या एका व्यापाऱ्याचे सगळे इशारे तुमच्या नावानं मिटवलेत. कारण लिहिलंय, गुळाचा पैसा. जूनमधी कुठलं गुऱ्हाळ चालू असतंय?"

काळा पैसा पांढरा करायला हातभार लावल्याचा ठपका म्हणजे नोकरी तर जाणारच, वर पोलीस. क्रांतीने मामांकडे पाहिलं. आता ते खरं सांगतील, याची तिला खात्रीच होती.

मामांनी चहाचा घोट घेतला. "रजेत अधनंमधनं यायची की ती. काय करत बसायची, मला काय म्हाईत?"

क्रांतीला आधी वाटलं, आपल्याच ऐकण्यात चूक झाली. मग तिने स्क्रीनवर इशारे मिटवल्याची तारीख वाचली. त्या दिवशी कसबा बावड्यात तिच्या लेकीचं बारसं होतं. मामा उशिरा आले होते, ब्रँचमधी काम निघालं म्हणत, आणि पाळण्यात चांदीचे वाळे ठेवून पोटभर जेवून गेले होते. तिला संताप आवरेना.

"मामा, त्या दिवशी तुम्ही माझ्या घरात जेवलाय की वो!"

"इथं साहेब म्हणायचं."

"इशारा कुठल्या कॉम्प्युटरवरनं मिटवला, तेबी नोंद होतंय, साहेब," अमरेश म्हणाला. "तुमच्या ह्याच कॉम्प्युटरवरनं. मॅडम, पासवर्ड दिला असला तर कारवाई तुमच्यावरबी होणार."

मामांचा कप बशीत आपटला. "क्रांती, पोरी, नोकरी घालवू नको. घरातलं घरात मिटवू."

"लिहून घ्या," क्रांती अमरेशला म्हणाली. "पासवर्ड मीच दिलता. ह्या साहेबांना."