बेसिनखालचा पहिलवान

"ही गोष्ट तुम्हाला पटायची नाही. मलाच पटत नाही, आणि मी तर तिथं हजर होतो!" फिटरकाकांनी मांडीवर थाप मारली.

अतिदक्षता विभागाबाहेरच्या खोलीत सहा खुर्च्या होत्या, त्यातल्या पाचच धड. एकीवर काका, शेजारच्या खुर्चीवर त्यांची वहिनी. काचेपलीकडे तीन नंबरच्या खाटेवर दादा, म्हणजे काकांचे थोरले भाऊ, घशात नळी घालून अकरा दिवस पडून होते. पोटाचं ऑपरेशन छान झालं होतं. मग फुप्फुसात कुठलासा जंतू शिरला आणि ताप काही हटेना. चार आणि पाच नंबरच्या खाटांवरही तोच जंतू, तोच ताप.

काका याच इस्पितळात तीस वर्षं नळाची कामं करून निवृत्त झालेले. थापा मारण्यात त्यांचा हात धरणारा माणूस अख्ख्या इमारतीत नव्हता. एकदा लिफ्ट बंद पडली, तेव्हा आपण ती आतल्या माणसांसकट खांद्यावरून चौथ्या मजल्यावर नेली असं ते सांगायचे, आणि वर "वाटेत दोघं तर झोपून गेले होते" असंही सांगायचे.

आज ऐकायला जंतूंची डॉक्टरबाई होती. कोण आत जातं, कशाला हात लावतं, हे विचारायला ती नातेवाइकांकडे आली होती. चेहरा चार दिवस झोप न मिळाल्यासारखा. तिनं सहायकाकरवी कापसाच्या काडीनं खाटांचे दांडे पुसून तपासले होते, यंत्रं, पडदे, बेसिनच्या कडा, मोठ्या डॉक्टरांचा मोबाइलसुद्धा. जंतू कुठंच सापडत नव्हता.

"काल प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या त्या जंतूला मी तारेनं टोचलं," ती म्हणाली होती, "तर डिंकासारखा बोटभर धागा निघाला. ही जात फार वाईट. एरवी औषधं पचवणारे जंतू जरा सुस्त असतात. हा औषधंही पचवतो आणि माणसालाही फाडतो. औषधात बुडवलेल्या कागदाच्या बारा टिकल्या बशीत ठेवल्या. अकरा टिकल्यांना खेटून वाढला मेला. एकीभोवती तेवढी नखाएवढी जागा मोकळी."

"म्हणजे एक औषध आहे ना?" वहिनीनं विचारलं होतं.

"आहे. पण ते मूत्रपिंडांना सोसत नाही, फार दिवस देता यायचं नाही. आणि तो येतो कुठून ते कळलं नाही, तर एकीकडून मारायचा आणि दुसरीकडून परत यायचा."

कुठून येतो ते काकांना ठाऊक होतं. तीन, चार, पाच हे आकडे कानावर पडले तेव्हाच त्यांनी ओळखलं होतं. सकाळपासून सांगू सांगू म्हणत होते. पण सरळ बोलायची या जिभेला सवयच नाही. पाणी हवं असलं तरी विहीर कोणी खणली इथून सुरुवात. तेव्हा त्यांनी गोष्टच काढली. निदान गोष्टीच्या मागच्या दारानं तरी खरं बाहेर पडेल.

"भाऊजी, इथं जिवावर बेतलंय आणि तुम्हाला गोष्टी सुचतात!"

"ऐका तर, वहिनी. आत त्या भिंतीला हात धुवायचं बेसिन आहे. इंजेक्शन देऊन उरलेलं औषध सिस्टर लोक त्यात ओतायच्या. फेकायचं कुठं, म्हणून. खाली बाटलीसारखा ट्रॅप, त्यात पाणी कायम साचलेलं. त्या पाण्यात बसलेला आपला पहिलवान! आज या औषधाचा घोट, उद्या त्या औषधाचा. थोडं थोडं, झेपेल इतकंच. त्याला मारायला आणलेलं विष, तोच त्याचा खुराक झाला!"

डॉक्टरबाईचं पेन थांबलं. "काका, ही थाप नाही. असं होतं."

"अहो, थाप पुढं आहे, घाई कशाला!"

"आणि तो वर कसा आला?" वहिनी नको नको म्हणत गोष्टीत शिरली होती. "जिना होता का त्याला?"

"घोडा होता! बेसिन उथळ, नळाची धार थेट खालच्या जाळीवर. धार पडली की शिंतोडे हातभर. आणि हातभरावरच इंजेक्शनं भरायचा ओटा. पहिलवान शिंतोड्यावर मांड ठोकून यायचा, ओट्यावर उतरायचा आणि सुईबरोबर, नाहीतर कोणाच्या तरी हाताबरोबर, खाटेवर."

"कधीची गोष्ट ही?" डॉक्टरबाईनं विचारलं.

"सात वर्षं झाली. खाटा याच तीन. तेव्हाच्या डॉक्टरांनी मला बोलावलं. म्हणाले, हे बेसिन उखडा. खोल बसवा, नळ बाजूला सरकवा."

इथं काका अडखळले. खरं घडलं होतं ते असं: खोल बेसिन त्यांनी आणलं होतं. टाइल्स फोडल्या तर आत ऑक्सिजनचा पाइप. तो हलवायचा तर विभाग दोन दिवस बंद ठेवायला हवा, आणि खाटा सगळ्या भरलेल्या. उद्या बघू, उद्या बघू करत काकांनी ट्रॅप तेवढा नवा घातला, जुनं बेसिन घासून पुसून परत चढवलं आणि कामाच्या वहीत "बदलले" असं लिहून सही ठोकली. आठवड्याभरात ताप थांबले. सगळे खूश. खोल बेसिन कॅन्टीनमध्ये भांडी घासायला गेलं.

एवढंच सांगायचं होतं. चार वाक्यं. काकांनी तोंड उघडलं.

"मग काय! घेतला पाना, मारली झेप! ट्रॅप फिरवला तर आतून तो पहिलवान दंड थोपटत बाहेर! हातभर लांब, अंगाला डिंक! तासभर झोंबलो. शेवटी मानगूट धरून फिनेलच्या बादलीत बुडवला. आणि बेसिन बसवलं असं खोल, की वाकून हाक मारली तर आवाज घुमावा! नळ एका अंगाला, कोपरानं चालणारा. शिंतोड्याची काय बिशाद!"

वहिनी अकरा दिवसांत पहिल्यांदा हसली. ते हसू बघून काकांना वाटलं, आता कुठल्या तोंडानं मागं फिरायचं?

डॉक्टरबाईनं सुस्कारा सोडला. "बरं झालं सांगितलंत. कडा पुसून झाल्या होत्या, आज बेसिनखालचं उघडून बघणार होते. नवं आणि खोल असेल तर ते राहू दे. आधी यंत्रांच्या नळ्या बघते." आणि तिनं यादीतल्या एका ओळीवर रेघ मारली.

ती रेघ काकांनी बघितली. जीभ, जी आयुष्यभर कोणाच्या बापाला आवरली नव्हती, ती टाळूला चिकटून बसली. काचेपलीकडे यंत्र दादांची छाती फुगवत होतं, खाली सोडत होतं. डॉक्टरबाई उठली.

"थांबा, डॉक्टरबाई." वहिनीचं हसू मावळलं होतं. ती आपल्या हातांकडे बघत होती. "भाऊजी, खोटं बोललात. आज सकाळी मी तिथंच हात धुतले. खोल कसलं, ताटाएवढं उथळ आहे ते. पाणी माझ्या कोपरापर्यंत उडालं. आणि त्याच हातांनी मी यांचे ओठ पुसले."