तिच्या आवाजाची दुसरी प्रत

दोघं डॉक्टरांकडून घरी आली. मेस्त्रींनी चपला काढल्या, शिडी लावली आणि थेट माळ्यावर चढले. बायको ओट्याला टेकून उभी राहिली. वर खोकी सरकवल्याचा आवाज येत होता, खाली धूळ पडत होती.

"अहो, काय शोधताय एवढं?"

तिचा आवाज फाटका, घोगरा. गेले कित्येक महिने तो असाच येत होता. आधी वाटलं सर्दी आहे, मग वाटलं बोलून बोलून बसलाय. आज कळलं, घशात गाठ आहे. स्वरयंत्र काढावं लागेल, डॉक्टर म्हणाले होते. जीव वाचेल, आवाज जाईल, श्वासासाठी गळ्याला भोक राहील. पुढे गळ्यात एक झडप बसवून थोडंफार बोलता येईल, पण तो आवाज वेगळा असेल.

मेस्त्री खाली उतरले ते हातात जुना राउटर घेऊन. एक अँटेना मोडलेली, अंगावर कोळ्याची जाळी.

"इंटरनेट चाललंय की आपलं," ती म्हणाली.

"इंटरनेटसाठी नाही. तुझ्यासाठी."

तिला काही उमजलं नाही. मेस्त्रींच्या डोक्यात मात्र दवाखान्यातून निघाल्यापासून एकच गोष्ट घोळत होती. त्यांचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला होता. लिफ्ट कधी एका दोरावर टांगत नाहीत. एक तुटला तर बाकीच्यांनी धरून ठेवायला हवं. आणि बायकोचा आवाज पाहावा तर कुठेकुठे विखुरलेला. थोडा त्यांच्या फोनमध्ये, थोडा तिच्या तडकलेल्या फोनमध्ये, थोडा बंद पडलेल्या लॅपटॉपमध्ये, बराचसा परगावी राहणाऱ्या लेकीकडे. यातलं कुठलंही कधीही राम म्हणणार. तिचा आवाज एका जागी आणायचा, त्याची दुसरी प्रत करायची आणि ती घरातच ठेवायची.

"बाबा, इंटरनेटवर टाका ना सगळं," लेक फोनवर म्हणाली.

"ते ढगात-बिगात मला नको. मला हात लावून बघता आलं पाहिजे."

राउटरच्या पाठीमागे पेनड्राइव्ह लावायची खाच होती. इतकी वर्षं घरात असून ती त्यांनी कधी पाहिली नव्हती. लॅपटॉपमधली हार्ड डिस्क काढून त्यांनी एका डबीत बसवली आणि तिची वायर त्या खाचेत लावली. हा राउटर नव्या राउटरला केबलने जोडला की घरातले सगळे फोन वायफायवरूनच त्या डिस्कवर सामान ठेवू शकतील, असं लेकीने समजावलं होतं. ऐकायला सोपं होतं. पहिल्याच दिवशी सगळ्या घराचं इंटरनेट गेलं.

"दोन्ही राउटर पत्ते वाटत बसलेत, बाबा. घरातल्या प्रत्येक फोनला एक पत्ता लागतो, तो एकानेच द्यायचा असतो. जुन्याला सांगा, तू वाटू नकोस."

मेस्त्रींनी पाठीमागच्या रीसेटच्या भोकात टाचणी खुपसून जुना राउटर पहिल्यापासून सुरू केला आणि बोटाने एकेक अक्षर दाबत पत्ते वाटण्याचं काम बंद केलं. "म्हाताऱ्या, आता तू नुसतं गप्प बसून सामान सांभाळायचं," ते त्याला म्हणाले.

"घरात एक म्हातारा होता, तेवढा पुरत नव्हता वाटतं," आतल्या खोलीतून बायकोचा आवाज आला.

ते खो खो हसले. मग एकदम थांबले आणि स्क्रू शोधायला लागले. स्क्रू समोरच होता.

त्यानंतर डिस्क मधेच गायब व्हायला लागली. तिला वीज पुरत नव्हती. वेगळा अडॅप्टर लावल्यावर ती सुतासारखी सरळ झाली. हिरवा दिवा लुकलुकायला लागला आणि फाइली उतरायला लागल्या. मेस्त्री कानाला हेडफोन लावून बसले. ऐकायचं, नाव द्यायचं, जागेवर ठेवायचं.

तिने बस डेपोत गाड्या पुकारण्यात उभी हयात काढली होती. तिथे तिला लाडाने सगळे 'भोंगा' म्हणत. निरोपाच्या दिवशी कुणीतरी तिची शेवटची घोषणा फोनवर घेतली होती, ती सापडली. एका बारशाच्या व्हिडिओत ती कुणाला तरी झापत होती. लेकीला फोनवर बोलून पाठवलेले निरोप तर पोत्याने होते. स्वेटरवरचा डाग कसा काढायचा, ताप आल्यावर काय खायचं, फोन का उचलत नाहीस. ठणठणीत, खणखणीत आवाज. मेस्त्री ऐकत राहिले. ऐकता ऐकता त्यांच्या लक्षात आलं की ती साऱ्या जगाशी बोलतेय आणि त्यांच्याशी बोललेलं त्यात एक अक्षर नाही. असणार कसं? शेजारी बसलेल्या माणसाला कोण निरोप पाठवतं?

ऑपरेशन तोंडावर आलं होतं. ती संध्याकाळी चहा घेऊन आली, तसा त्यांनी फोन तिच्यापुढे सरकवला.

"जरा बोल काहीतरी यात. माझ्यासाठी."

"काय बोलू?"

"काहीही. अगं, हवा कशी आहे ते बोल."

तिने फोनकडे पाहिलं, मग तो पालथा घातला.

"अहो, मी अजून आहे," ती म्हणाली. प्रत्येक शब्दाला घसा ओरखडत होता. "दवाखान्यातून आल्यापासून त्या डब्यापुढे बसलाय. आतला माझा आवाज तुम्हाला हवाय, आणि मी इथे बोलते ते तुमच्या कानात शिरत नाही. भीती वाटते का गं, असं एकदा तरी विचारलंत?"

मेस्त्रींनी हेडफोन काढले. ते गळ्यातच लोंबत राहिले.

"वाटते?"

"वाटते हो. फार वाटते."

मग ती बोलत बसली. श्वास घ्यायला मधे थांबत, घोट घोट पाणी पीत. गर्दीत चुकामूक झाली तर तुम्हाला हाक कशी मारू, याची तिला भीती होती. गळ्याला भोक असलेली बाई बघून नातवंडं लांब पळतील, याची होती. निरोपाच्या कार्यक्रमाला तुम्ही आला नाहीत, हेही तिने त्यातच ऐकवून घेतलं.

"लिफ्टमध्ये माणसं अडकली होती," मेस्त्री म्हणाले.

"तुमच्या लिफ्टमध्ये नेमकी तेव्हाच अडकतात."

ते खाली बघून हसले. मग त्यांनी तिला एक गोष्ट सांगितली, लग्नाला इतकी वर्षं झाली तरी न सांगितलेली. डेपोमागच्या उंच इमारतीच्या गच्चीवर लिफ्टच्या मशीनची खोली होती. तिथे काम असलं की तिचा भोंगा ऐकू यायचा. ती बोलायला लागली की ते पाना खाली ठेवायचे. हाताखालच्या माणसांना वाटायचं, मेस्त्री काहीतरी बारीक बिघाड ऐकताहेत.

"मग कधी बोलला का नाहीत?"

"तू डोक्यावर चढून बसली असतीस."

ती हसली. त्या घशातून हसू नीट निघेना, पण हसली. रस्त्यावरचे दिवे लागले तरी दोघं उठली नाहीत. चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी लेक आली. सगळं ऐकून तिने पहिलं काय विचारलं, तर "रेकॉर्ड केलंत ना, बाबा?"

मेस्त्रींनी मान हलवली. नाही.

"असं कसं बाबा? एवढा खटाटोप केलात, आणि हेच…"

"आमचं आम्ही बघू," आई म्हणाली. त्या घरात तिने ठसक्यात बोललेलं ते शेवटचं वाक्य.

ऑपरेशन नीट झालं. गाठ पुरती निघाली, डॉक्टर खूश होते. ती घरी आली, गळ्याच्या भोकावर पातळ रुमाल बांधून. बोलायचं असलं की पाटीवर लिहायची, घाईत असली की चमचा टेबलावर आपटायची. लेक तिच्या घरी परतली आणि घरात फारच शांतता झाली. मेस्त्री मोरीतून ओरडून विचारायचे, "अगं, टॉवेल कुठे ठेवलास?" आणि उत्तराची वाट बघत ओल्या अंगाने उभे राहायचे. मग आठवायचं. तोवर ती टॉवेल घेऊन दाराशी आलेली असायची.

राउटर कपाटावर जागा होता. लेकीने तिच्या जुन्या फोनमधलं उरलंसुरलं पाठवून दिलं होतं. ते डिस्कवर उतरवून मेस्त्री एका दुपारी ऐकत होते. बायको आत आडवी झाली होती. हेडफोनची वायर तुटल्यामुळे फोन तसाच टेबलावर बोलत होता. लेकीला पाठवलेला कुठलासा लांबलचक निरोप, गाद्या उन्हात टाकण्याबद्दल. मेस्त्रींचं अर्धं लक्ष खिडकीबाहेर होतं. तेवढ्यात तिने बोलता बोलता तोंड फिरवलं आणि हाक मारली.

"अहो, दार वाजतंय, बघा जरा!"

"आलो, आलो," मेस्त्री म्हणाले, उठले, आणि जाऊन दार उघडलं.

जिन्यात कुणी नव्हतं. मागे फोन बोलतच होता, गाद्यांवर पुन्हा आला होता. ते कडीवर हात ठेवून उभे राहिले. त्यांचा आवाज ऐकून ती आतल्या खोलीतून आली होती. तिने उघडं दार पाहिलं, फोन पाहिला, त्यांची पाठ पाहिली.

"कुणी नाहीये," ते म्हणाले.

तिने त्यांना बाजूला केलं आणि दार लावलं. मग तिने त्यांचा दंड धरून त्यांना खुर्चीत बसवलं आणि बोटानेच खुणावलं, परत लाव. त्यांनी लावलं. तिने डोळे मिटून पूर्ण ऐकलं. हाक आली तसे तिचे ओठ त्याच शब्दांवर हलले. मेस्त्रींना बघवेना. त्यांनी तोंड फिरवलं तर तिने त्यांची हनुवटी धरून पुन्हा आपल्याकडे वळवली.

पुढे झडप बसली. बोलायला शिकवणारी बाई आठवड्यातून एकदा येऊ लागली. भोकावर बोट ठेवायचं, श्वास वर ढकलायचा, मग शब्द सोडायचा. आधी नुसती हवाच निघायची. नंतर घरघर. मग एके दिवशी "पाणी" निघालं आणि मेस्त्री ग्लास आणायला इतके धावले, की निम्मं जमिनीवर सांडलं.

थोडं जमायला लागल्यावर लेकीला चकित करायचं तिच्या मनात आलं. नंबरवरून ओळखू नये म्हणून शेजारणीचा फोन मागून आणला आणि तिने स्वतः लावला. गळ्यावर बोट ठेवलं, दम घेतला.

"कशी… आहेस?"

"हॅलो? कोण बोलतंय?" लेक म्हणाली.

बोट गळ्यावरून निसटलं. पलीकडून पुन्हा "हॅलो, हॅलो" आलं. मग "आई? आई, तू आहेस? मला कळलंच नाही गं." लेक रडायला लागली. माफी मागत होती, रडत होती. मेस्त्रींनी फोन घ्यायला हात पुढे केला. तिने दिला नाही. डोळे पुसले, बोट परत जागेवर ठेवलं.

"रडू… नको. ऐक."

मेस्त्री स्वयंपाकघरात गेले. भांडी घासायला घेतली, नळ जोरात सोडला. मग त्यांनी तो बंद केला. बाहेरून तो जाडाभरडा, अनोळखी आवाज तुटत तुटत येत होता. जेवलीस का, विचारत होता. मेस्त्री ओले हात तसेच धरून ऐकत उभे राहिले.