शिवलेलं हसू

मित्रांनो, मी एक जुना पोशाख आहे, बदकाचा. ऑस्ट्रेलियातल्या मरे नदीकाठच्या एका लहान गावात, पोहण्याच्या तलावामागच्या खोलीत, खिळ्याला टांगलेला असतो. माझ्या चोचीवर रुंद हसू आहे आणि त्याच हसण्याची मला लाज वाटते.

गावच्या साप्ताहिकात दर गुरुवारी मड्ज नावाच्या बदकाचं व्यंगचित्र यायचं. गंमत एवढीच, की बदक असून मड्ज पाण्याला घाबरायचा. डबकं दिसलं की पंख फडफडवून बोंब ठोकायचा आणि सारं गाव हसायचं. खराखुरा मड्ज काठावर नाचला तर मुलं पोहायला येतील, असं तलावाच्या क्लबला वाटलं. मग शिवणकाम करणाऱ्या नोएलीनबाईंनी पिवळं कापड आणि जाड स्पंज घेऊन मला बनवलं. हसू तर दुहेरी टाक्यांनी शिवलं. आत शिरायचा त्यांचा धाकटा भाऊ क्लॅरी. तो शाळेची बस चालवायचा.

"पाण्यात पाऊल टाकलंस ना क्लॅरी, तर याच्यासकट तुला दोरीवर वाळत घालीन!" बाई दम द्यायच्या. "हा स्पंज वाळायला चार दिवस लागतात."

"अगं, मी मड्ज आहे. मी कशाला जातोय पाण्यात?"

क्लबचाही एक नियम होता. मड्जने बोलायचं नाही आणि मुलांसमोर डोकं उतरवायचं नाही. डोक्याचे बंद पाठीमागे होते, ते दुसऱ्यानेच सोडायचे. नऊ उन्हाळे मी नाचलो. मुलं बिलगायची, कौतुकाने मी फुगून जायचो.

मग तो जानेवारीतला, ऐन उन्हाळ्यातला शनिवार आला. तलावावर जत्रेसारखी गर्दी होती. चोचीच्या फटीतून क्लॅरीला दिसलं, की पाच वर्षांची टिली खोल बाजूला घसरून पडली. बाकी कुणीच तिकडे बघत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते.

क्लॅरीने पंख फडफडवून तिकडे दाखवलं.

"मड्ज घाबरला! मड्ज घाबरला!" मुलं ओरडली.

त्याने नियम मोडून हाका मारल्या, पण माझ्या स्पंजने त्या गिळून टाकल्या. तो मानेमागचे बंद ओरबाडू लागला. ते सुटेनात.

"झकास, क्लॅरी! आज एकदम रंगात!" जीवरक्षक पोरगा हसत म्हणाला.

शेवटी क्लॅरीने तशीच उडी मारली. हशा दुप्पट झाला, टाळ्या पडल्या. मी पाण्याने भरत गेलो आणि त्यालाही खाली ओढू लागलो.

काठावर सॉसेज भाजणाऱ्या नोएलीनबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी चिमटा फेकला.

"माझा भाऊ उगाच भिजायचा नाही! अरे, हसताय काय? तिथे बघा, तिथे!"

तेव्हा कुठे जीवरक्षकाने पाहिलं. आधी टिलीला वर काढलं, मग आम्हाला. टिलीने पाणी ओकलं आणि भोकाड पसरलं. बाईंनी माझे बंद कात्रीने कापले.

गुरुवारच्या अंकात फोटो आला. क्लॅरी फरशीवर बसून रडतोय आणि शेजारी पडलेलं माझं डोकं तोंडभर हसतंय. मला कुणी बोल लावला नाही, पण क्लॅरी पुन्हा माझ्यात शिरला नाही. आता माझ्या पोटात उंदरांनी घर केलंय.

गेल्या वर्षी टिली पोहायला लागणाऱ्या तरंगफळ्या न्यायला आली. अकरा वर्षांची झालीय. माझ्यासमोर थबकली.

"तू तेव्हा हसत का होतास?"

तिने खरंच उत्तराची वाट पाहिली. मग फळ्या उचलून गेली.

टाके होते म्हणून, असं मी सांगितलं असतं. पण खरं सांगतो, उडी मारल्यावर टाळ्या पडल्या, तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं होतं. ती लाज अजून वाळलेली नाही.

मित्रांनो, कुणी जिवाच्या आकांताने हात हलवत असेल, तर हसण्याआधी तो कुठे बोट दाखवतोय तेवढं बघा. माझं हसू शिवलेलं आहे. तुमचं तसं नाही.