बाहीच्या सात घड्या

चित्रपट बघून बाहेर पडलेल्या चाळीस जणांपैकी अडतीस जणांनी कागदावर एकच गोष्ट लिहिली होती: कळलं नाही. एकोणचाळिसाव्यानं लिहिलं होतं की खुर्च्या आरामशीर होत्या. चाळिसावा कागद खिशात घालूनच निघून गेला होता. त्याला बहुधा घरी जाऊन विचार करायचा असावा.

संकलकानं ते कागद वहीबाईसमोर आपटले. "घ्या. मी या पिक्चरपुढे हात टेकलेत. आता तुम्हीच बघा."

वहीबाई हे तिचं नाव नव्हे, पण चौदा वर्षं या धंद्यात काढल्यावर तिला दुसऱ्या नावानं हाक मारणारं फारसं कुणी उरलं नव्हतं. शूटिंग चालू असताना कॅमेऱ्याशेजारी खुर्ची टाकून बसायचं आणि सगळं वहीत टिपायचं, हे तिचं काम. ग्लासात पाणी किती होतं, केसांची बट कोणत्या कानामागे होती, भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले होते. एकच प्रसंग चार दिवस तुकड्यातुकड्यांनी घेतला तरी पडद्यावर तो सलग दिसला पाहिजे, आणि तो दिसला नाही तर सगळे हिच्याकडे बघतात. दिसला तर कुणीच बघत नाही. तिला त्याचं वाईट वाटायचं बंद होऊनही आता बरीच वर्षं झाली होती.

चित्रपटाची गोष्ट तशी दोन ओळींची होती. एका माणसाची बायको एका दुपारी गॅलरीचा कठडा तुटून पडते आणि मरते. घरात एक कपाट असतं. त्यात शिरलं की माणूस त्याच दुपारी बाहेर पडतो. दुसऱ्या दिवशी शिरा नाहीतर वीस वर्षांनी शिरा, दुपार तीच. तिथून पुढे यायला मात्र वाट नाही. पुढची वर्षं जगूनच काढायची, आणि वाटलं तर म्हातारपणी पुन्हा त्या कपाटात शिरायचं. नवरा तेच करत राहतो. त्यामुळे त्या एका दुपारी, त्या एका घरात, तो तरुण असतो, पिकल्या केसांचाही असतो, आणि सगळे एकमेकांपासून लपत बायकोला वाचवायला धडपडत असतात.

"लोकांना हे कळतच नाही की समोर दिसतोय तो कितवा," संकलक म्हणाला.

"बाही बघायची. मी म्हटलं होतं, सुरुवातीलाच एकदा जवळून दाखवा म्हणून."

ही युक्ती तिचीच होती. एकदा जाऊन आलेल्याच्या उजव्या बाहीला एक घडी, दोनदा जाऊन आलेल्याला दोन. दोन नवरे एकाच चौकटीत असले की त्यातला एक पाठमोरा असायचा, आणि ती पाठ तिच्या धाकट्या भावाची असायची. अख्ख्या युनिटमध्ये त्याला पाठमोऱ्याच म्हणत. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि ही एकोणीस. त्याचे डबे, त्याचे ताप, शाळेतल्या त्याच्या भानगडी हिनंच निस्तरल्या होत्या. त्याच्या दोन नोकऱ्या सुटल्यावर हे काम हिनंच मिळवून दिलं होतं. "घडी घातल्याशिवाय कॅमेऱ्यासमोर फिरकायचं नाही," हे तिनं त्याला इतक्यांदा बजावलं होतं, की तो हल्ली घरी चहा करतानाही बाही दुमडून विचारायचा, "ताई, मी कितवा?"

त्या सकाळी ती आणि संकलक पहिल्यापासून घड्या मोजायला बसली. तीस प्रसंगांपर्यंत हिशेब चोख लागला. एकतिसाव्याच्या चौथ्या टेकला संकलकानं चित्र थांबवलं.

"हा कोण?"

मागच्या खोलीच्या दाराआड एक कोपर दिसत होतं. बाही पार खांद्यापर्यंत दुमडलेली. वहीबाईनं पान उलटलं. तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: दारामागे पाठमोऱ्या, घडी चुकीची, छाटणे.

मग तिला सगळं आठवलं. त्या टेकनंतर तिनं भावाला झापलं होतं, आणि तो शपथेवर सांगत होता की मी आत नव्हतोच, बाहेर चहा पीत होतो. ती म्हणाली होती, थापा मारू नकोस. पुढे चौकशी करायला सवडच मिळाली नव्हती, कारण त्याच टेकच्या शेवटी वरचा मोठा दिवा कडी निसटून खाली आला होता, आणि तिच्या खुर्चीचा चुराडा झाला होता. ती खुर्चीत नव्हती. मागच्या खोलीच्या दारातून कुणीतरी हाक मारली म्हणून दोन पावलं बाजूला गेली होती. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, कुणी तिला पाणी दिलं, कुणी मिठी मारली, आणि घडीची गोष्ट वहीत तशीच राहिली.

"जरा उजेड वाढवा," ती म्हणाली. "आणि कडा पण दाखवा. छाटायच्या आधीच्या."

कॅमेरा पडद्यावर येतं त्यापेक्षा जास्त टिपतो. कडेचा भाग नंतर कापला जातो. संकलकानं तो उघडला. उजव्या कोपऱ्यात वहीबाईचा गुडघा आणि मांडीवरची वही दिसू लागली. उजेड वाढवला तसा डाव्या पडद्यामागे एक हात दिसला. बाहीला एक घडी. जिन्याच्या अंधारात दुसरा, दोन घड्या. टेबलाच्या मागे वाकलेला एक, तीन. खिडकीबाहेर एक, चार. त्याची दाढी वाढलेली होती. पाचव्याचे कानशिलावरचे केस पांढरे होते. सहाव्याच्या हातात काठी होती. संकलकानं मोजायचं सोडून दिलं, पण ती मोजतच राहिली. दाराआडचा सातवा होता.

"दिग्दर्शकाचे चाळे," संकलक म्हणाला. पण आवाजात दम नव्हता. "आपल्याला न सांगता माणसं लपवून ठेवली असणार. मेकअप बाकी झकास."

वहीबाई त्यांचे पाय बघत होती. ज्यांचे ज्यांचे पाय दिसत होते, ते सगळे डाव्या पायावर उजवा पाय ठेवून उभे होते. शाळेतून चिठ्ठी आली की तिचा भाऊ दारात असाच उभा राहायचा. पाठमोऱ्याचा चेहरा युनिटमध्ये कुणी नीट पाहिला नसेल, पण तिनं तो सतरा वर्षं रोज सकाळी पाहिला होता. पाचव्याच्या कपाळावर ज्या आठ्या होत्या त्या तिच्या वडिलांच्या होत्या.

ती हाक आता तिला नीट आठवली. आवाज घोगरा होता, म्हाताऱ्या माणसाचा, म्हणून त्या वेळी तिला वाटलं होतं की वॉचमन असेल. पण वॉचमन तिला मॅडम म्हणायचा आणि बाकीचे वहीबाई. त्या आवाजानं "ताई" म्हटलं होतं. तिला ताई म्हणणारा जगात एकच होता, आणि तो सव्वीस वर्षांचा होता.

प्लायवुडच्या कपाटातून कुणी कुठे जात नसतं, हे तिलाही कळत होतं. ते कपाट सुतारानं तिच्या डोळ्यांदेखत ठोकलं होतं. त्याला मागची फळीच नव्हती. नट त्यात शिरला की मागच्या दीड हाताच्या बोळातून निघून पंख्याखाली जाऊन बसायचा. हे सगळं तिनं स्वतःला दोनदा सांगितलं. पडद्यावरचे सात हात जागचे हलले नाहीत.

आणि घड्या बरोबर होत्या. एकापासून सातापर्यंत, ओळीनं. पहिल्यांदा तो शिरला असेल तेव्हा ती त्या दिव्याखाली मेलेली असणार. तो आला, त्याला जमलं नाही. मग काही वर्षं काढून पुन्हा आला, पुन्हा जमलं नाही. अख्खं आयुष्य त्यानं त्या एका दुपारच्या फेऱ्या मारण्यात घालवलं होतं, आणि दर वेळी आत शिरण्याआधी न विसरता बाही दुमडली होती. कशासाठी, तर कधीतरी ताई हे बघेल तेव्हा तिला क्रम लावता यावा. तिला रडू फुटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं तिचं ऐकलं होतं, आणि तिनं ते वहीत चुकीचं म्हणून लिहून ठेवलं होतं.

"माझं घोडं वेगळ्याच ठिकाणी अडलंय," संकलक सांगत होता. तिच्याकडे न बघताच त्यानं टेबलावरचे दोन कप एकमेकांशेजारी ठेवले. "समजा, शेवटी तो बायकोला वाचवतो. ठीक. बायको जिवंत, नवरा खूश. मग हा तरुण नवरा कपाटात शिरेल कशाला? आणि नाही शिरला, तर हिला वाचवलं कुणी?"

"आज दुपारी शेवटचा सीन नव्यानं घ्यायचाय ना? त्याचा कागद आलाय?"

कागद सकाळीच आला होता, पण संकलकानं रागानं तो उघडलाही नव्हता. आता उघडला. पानभर पांढरं, मध्ये एक संवाद. बायको नवऱ्याला म्हणते, "जा." खाली दिग्दर्शकाच्या किरट्या अक्षरात एक ओळ: जी वाचली तिनंच त्याला पाठवायचं. नाही पाठवलं, तर ती वाचलीच नाही.

"अरे वा!" संकलकानं मांडी थोपटली. "सुटलं की! वाचलेल्या माणसानंच पाठवायचं! आता अडतीसच्या अडतीस जणांना कळेल!"

वहीबाईला ते त्याच्या आधीच कळलं होतं. ती उठून खाली सेटवर गेली.

सेट अजून तसाच उभा होता. वरच्या पाइपला नवा दिवा, खाली तिच्यासाठी नवी खुर्ची. भाऊ कपाटाच्या दारात उभा राहून शर्टाची बटणं लावत होता. तिला बघून त्यानं उजवा हात पुढे केला.

"बोल, आज किती घड्या? आणि ताई, मला साडेचारला सोडायला सांग हं. घर बघायला जायचंय आम्हाला, लग्नानंतरचं. एकच खोली आहे, पण सकाळचं ऊन येतं म्हणे. तिनं आत्ताच पडदे आणून ठेवलेत, घर मिळायच्या आधीच. वेडी आहे."

तो हसत होता. बाही मनगटापर्यंत सरळ होती. त्याच्या मागे कपाटाचं दार उघडं होतं, आणि दीड हाताच्या बोळात जो उजेड दिसायला हवा होता तो दिसत नव्हता. पंख्याचा आवाजही येत नव्हता.

ती "एक" म्हणाली असती तर पुरे होतं. त्यानं एक घडी घातली असती, आत शिरला असता. ती जगली असती, आणि तो काठी टेकत टेकत सातव्यांदा त्या दाराआड येऊन उभा राहिला असता. सकाळचं ऊन येणारी ती खोली दुसऱ्याच कुणाला मिळाली असती. तिला मरायचं नव्हतं. हे तिला इतकं लख्ख कधीच जाणवलं नव्हतं. छत्तीस हे काही मरायचं वय नव्हे, आणि तिनं तर अजून स्वतःसाठी म्हणून काही केलंही नव्हतं.

"आज तुझं काम नाही," ती म्हणाली. "जा घरी."

"अगं, पण मला बोलावलंय."

"मी सांगते ना, नाही. शर्ट काढून ठेव आणि जा. आणि ऐक. पुन्हा या इमारतीत यायचं नाही. मला काही झालं तरी, कुणी काहीही सांगितलं तरी, त्या कपाटाच्या वाटेला जायचं नाही. शपथ घे."

"तुझी शपथ," तो पटकन म्हणाला.

"माझी नको. तिची घे."

थट्टा समजून का होईना, त्यानं त्या मुलीची शपथ घेतली. "डोकं फिरलंय तुझं. दिव्यांखाली बसून बसून." त्यानं स्वतःचा शर्ट घातला आणि तिच्या गालाला चापट मारून निघाला. तिनं कपाटाचं दार लावून घेतलं. ते जड लागलं.

ती वर आली तेव्हा संकलक पडद्याला नाक लावून बसला होता. त्याची पाचावर धारण बसली होती.

"वहीबाई, मी कशालाही हात लावलेला नाही. आईशप्पथ. हे बघा ना, जिन्यातला गेला. खिडकीतला गेला."

"चालू द्या ते. थांबवू नका."

ती खिडकीशी गेली. खाली फाटकातून तिचा भाऊ बाहेर पडत होता. त्यानं फोन कानाला लावला होता आणि दुसऱ्या हातानं हवेत काहीतरी मापत होता, पडद्यांची लांबी असेल. समोरून सायकलवाला आला, त्याला त्यानं वाट दिली. तो म्हातारा होईल तेव्हा कसा दिसेल हे तिला आता माहीत होतं, आणि ते माहीत असल्याचा तिला फार आनंद झाला.

"दाराआडचाही गेला," मागून संकलक म्हणाला. "आता कुणीच नाही. नुसता तुमचा गुडघा दिसतोय."

पडद्यावरचा चौथा टेक दिवा पडायच्या क्षणाकडे सरकत होता. भाऊ कोपऱ्यावर पोचला, वळण्याआधी उगाच एकदा मागे बघून त्यानं हात हलवला. तिनंही हलवला. मागच्या खोलीच्या दारातून तिला कुणीही हाक मारली नाही.