च्यायला की शायला

२००२ च्या चैत्रात अप्पासाहेबांचे पुढचे चार दात काढावे लागले आणि त्यांचं क्लॅरिनेट बंद पडलं. कवळी बसली, पोळी चावता येऊ लागली. पण वाद्य तोंडाला लावून फुंकलं की कवळी हलायची आणि आतून बदक ओरडल्यासारखा आवाज यायचा. होळकरांच्या बँडमध्ये वाजवणाऱ्या त्यांच्या आजोबांचं हे वाद्य. मिलला टाळं लागलं तेव्हासुद्धा अप्पासाहेब एवढे खचले नव्हते. नोकरी गेली तरी रविवारची बैठक शाबूत होती. मिलच्या गणपतीत एकत्र वाजवणारी ही मंडळी आता सुदामा नगरात मारुतीच्या घरी जमत: कापडखात्यातला मारुती ढोलकीवर, शाळेत शिकवणाऱ्या शशिकलाबाई गायला आणि मारुतीची मुलगी अनुश्री कीबोर्डवर.

दात गेल्यावर अप्पासाहेब बैठकीला जायचेच बंद झाले. जुनी इंदूरच्या घरात ओट्यावर बसून पेपर वाचत आणि कुणी विचारलं तर म्हणत, "आता श्रोता झालो भिया, तेही काही वाईट नाही." द्वारकाबाईंना ते पटत नव्हतं. श्रावणातल्या एका रविवारी त्यांनी नवऱ्याच्या हातात शेवेचा पुडा दिला आणि म्हणाल्या, "मारुतीभाऊंकडे पोचवून या. आणि लगेच परत यायची काही घाई नाही."

ते पोचले तेव्हा बैठकीत गोंधळ चालला होता. अनुश्री कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीत तिला एक सॉफ्टवेअर सापडलं होतं. कीबोर्डची वायर कॉम्प्युटरला जोडायची, पट्टी दाबायची, की कॉम्प्युटरमधून सारंगी, सनई, म्हणाल ते वाजायचं.

"दाबून बघा बाबा," ती म्हणाली.

मारुतीने पट्टी दाबली. क्षणभर काहीच नाही. मग सारंगी वाजली.

"अरे यार, हे तर सरकारी काम झालं! अर्जी आज दो, जवाब कल आएगा. याच्यावर मी ठेका कसा धरू?"

"ते कमी करता येतं बाबा. थोडी सेटिंग आहे."

"ते जाऊ दे," शशिकलाबाई म्हणाल्या. "याचं नाव काय? गणपतीच्या कार्यक्रमात मला माइकवर सांगावं लागेल ना."

पडद्यावर निळ्या अक्षरांत नाव होतं: सी, एच, वाय, एल, ए.

"कायला," अनुश्री म्हणाली. "कॉर्डमध्ये सी-एच आहे ना, तसं."

"चायला," मारुती म्हणाला. "चेअरमध्ये पण सी-एच आहे. सीधी बात."

"आणि मशीनमध्ये?" शशिकलाबाईंनी चष्मा सरळ केला. "शायला. हे मशीनच आहे ना शेवटी?"

तिघांनी दारात उभ्या अप्पासाहेबांकडे पाहिलं. अप्पासाहेब पडद्याजवळ गेले, एकेक अक्षर बोटाने पुसल्यासारखं वाचलं आणि नव्या कवळीतून हवा सोडत म्हणाले, "च्यायला!"

मारुती हसताहसता ढोलकीवर आडवा झाला. शशिकलाबाईंनी मात्र निक्षून सांगितलं, "हे मी माइकवर म्हणणार नाही. पहिल्या रांगेत आमच्या हेडबाई बसतात."

शेवटी अनुश्रीने सायबर कॅफेत जाऊन सॉफ्टवेअर बनवणाऱ्यालाच ईमेल पाठवला. चार उच्चार, चार कारणं, योग्य कोणता ते कळवावे.

उत्तराची वाट बघता बघता अप्पासाहेब दर रविवारी येऊ लागले. उच्चाराची चौकशी करायला, असं ते म्हणत. दुसऱ्या रविवारी अनुश्रीने क्लॅरिनेटचा आवाज लावला आणि त्यांच्या आजोबांची पिलू रागातली धून वाजवायला घेतली. इतकी वर्षं त्यांच्याकडूनच ऐकलेली. अप्पासाहेब मान खाली घालून ऐकत राहिले. आपल्या जागी दुसऱ्या कुणाला बसवलंय असं त्यांना वाटलं, आणि राग येईना म्हणून जास्तच वाईट वाटलं.

"सूर चोख आहे," ते शेवटी म्हणाले. "माझ्याहून चोख. पण वळत नाही गं. गंधारावरून खाली घसरत यायचं तिथे तू पायऱ्या उतरतेस."

"घसरता येतं काका. हे बघा." कीबोर्डच्या डाव्या कडेला एक छोटं चाक होतं. ते फिरवलं की सूर वर-खाली सरकायचा. "पण माझा डावा हात खालच्या पट्ट्यांवर असतो. आणि किती फिरवायचं तेही कळत नाही."

अप्पासाहेबांनी खुर्ची ओढली. "तू दाब. मी फिरवतो."

पहिल्या वेळी सूर कुठच्या कुठे गेला. दुसऱ्या वेळीही. चौथ्यांदा त्यांनी डोळे मिटले, गाल नकळत फुगले, अंगठा हळूच सरकला, आणि गंधार असा अलगद खाली आला की मारुतीचा हात ढोलकीवरच थांबला.

"फिर से," तो म्हणाला. "अप्पाजी, वही वाला, फिर से."

पोळ्यानंतर उत्तर आलं. फिनलंडमधला कुणी एकटाच माणूस होता, त्याने घरी बसून बनवलेलं हे सॉफ्टवेअर. अनुश्रीने मराठीत सांगितलं, "तो म्हणतो, मी हे नाव फक्त टाइप केलंय. मोठ्याने कधी म्हणालोच नाही, कारण म्हणायला समोर कुणी नव्हतं. तुमचा ईमेल वाचून चारही उच्चार म्हणून बघितले, चारही आवडले. तुम्ही म्हणाल ते खरं."

 मग शशिकलाबाई म्हणाल्या, "बिचारा. मग शायलाच. माइक माझ्याकडे आहे."

गणपतीच्या पाचव्या दिवशी संध्याकाळी कॉम्प्युटर दुलईत गुंडाळून टेम्पोतून मंडळात नेला. तो तापू नये म्हणून मागे टेबल फॅन लावला. शशिकलाबाईंनी माइकवर घोषणा केली, "आता क्लॅरिनेटवर पिलूची धून. सादर करत आहेत अनुश्री, अप्पासाहेब आणि शायला!"

टाळ्या झाल्या. मग लोक विंगेकडे बघत बसले. त्यांना ऐकू आलेल्या शैलाताई काही येईनात. पुढच्या रांगेतून कुणी म्हणालं, "अहो, त्यांना यायला वेळ असेल तर तोवर तुम्ही सुरू करा!"

ते सुरू झाले. अनुश्री घाबरून पहिल्या दोन ओळी पळाली. अप्पासाहेबांनी तिच्याकडे न बघता मान हलवली, तशी ती सावरली. आवाज अजूनही केसभर उशिरा यायचा. मारुतीने ठेका तेवढाच मागे ओढून धरला. अप्पासाहेबांचे गाल फुगत होते, भुवया वर जात होत्या. फुंकण्याखेरीज सगळं ते करत होते. धून संपली तेव्हा मागच्या खुर्च्यांवरची मिलमधली जुनी माणसं उभी राहिलेली त्यांना दिसली.

त्यातलाच एक जण स्टेजमागे आला. "वा अप्पाजी, दात नसताना कसं फुंकलंत? वाद्य कुठे ठेवलंत?"

अप्पासाहेबांनी अंगठा वर करून दाखवला.

घरी द्वारकाबाईंनी ताट वाढलं. "कसं झालं?"

"पोरगी घाई करते सुरुवातीला." त्यांनी पहिला घास घेतला. "सकाळी सुदामा नगरला जातो. क्लासला निघायच्या आत गाठायला हवी तिला. तू डबा नको देऊस, मारुतीकडे पोहे असतात."