गुलशनचा गळा

दवनीवाड्याच्या गुलशनला गोंदियाच्या आयटीआयमध्ये असताना मेटल नावाचं परदेशी, डरकाळ्यांचं संगीत लागलं. लागलं म्हणजे एखाद्याला भूत लागतं तसं. कवटी छापलेले त्याचे काळे टी-शर्ट आई उलटे करून वाळत घालायची, शेजारची लेकरं दचकतात म्हणून. मोबाइलमधून आवाज आला की बाप बुधराम विचारायचा, "कोणाले कापून राहिले रे?"

ऐकणं एकवेळ ठीक, पण गुलशनला ते म्हणावंसंही वाटे. आणि मेटल काही गुणगुणता येत नाही. पोटातून डरकाळी काढावी लागते. घरी काढली, तर गाभण म्हैस दावं तोडून पळाली. शेतात काढली, तर अस्वल आलं म्हणून माणसं काठ्या घेऊन धावली.

मग मुन्नालाल शेटच्या राईस मिलमध्ये तो ऑपरेटर म्हणून लागला आणि त्याचं नशीब उघडलं. मिल सुरू झाली की शेजारचा माणूस बोंबलला तरी ऐकू येत नसे. गुलशन कानात गाणी लावून, कोंड्याच्या धुराळ्यात उभा राहून, नॉर्वेच्या कुठल्याशा बँडसोबत मनसोक्त डरकाळ्या फोडी. लोकांना वाटे, पोरगा जांभया लय देतो.

एका दुपारी शेटकडे रायपूरचा व्यापारी आला होता. चहा नुकताच हातात पडलेला. तिकडे गुलशन गाण्याच्या ऐन टोकावर, डोळे मिटून, गुडघे वाकवून. आणि लाईन गेली.

मिल गप्प झाली. गुलशन झाला नाही. त्याच्या कानात बँड चालूच होता.

"पट्टे में आ गया! लड़का मशीन के पट्टे में आ गया!" शेट ओरडत धावला. व्यापाऱ्याचा चहा धोतरावर. हमाल पोती टाकून आले. तांदूळ झाडणाऱ्या धनवंताबाईने तर सरळ पाण्याची बादलीच त्याच्या अंगावर ओतली.

गुलशनने डोळे उघडले. समोर अख्खी मिल.

"कुठं लागलं बाबू?" धनवंताबाईने विचारलं.

"कुठंच नाही, काकी. गाणं म्हणून राहिलो होतो."

"ये गाना है?" शेटचा श्वास अजून वर.

म्हातारा हमाल दुलीचंद पुढे आला. "याच्यात देवाचं नाव हाये का?"

"सैतानाचं हाये," गुलशन प्रामाणिकपणे म्हणाला. याचा काही उपयोग झाला नाही. दुलीचंदने लिंबू आणायला सांगितलं.

"गाना है तो गा के दिखा," शेट म्हणाला. "नहीं तो कल से मत आ."

मिलच्या घरघरीशिवाय गुलशन कोणासमोर कधी गायला नव्हता. पहिला सूर कोंबड्याची मान धरल्यासारखा निघाला. सगळे खदखदून हसले. ते हसू त्याला झोंबलं. ओले केस त्याने मागे टाकले, पाय फाकवले आणि पोटाच्या तळापासून अशी डरकाळी काढली की टिनाच्या छपरावरची कबुतरं उडून गेली. हमाल दोन पावलं मागे सरले. त्याला मात्र फार बरं वाटत होतं.

व्यापारी धोतर झटकत पुढे आला. "बीमारी नहीं है, सेठ. बीमार आदमी इतना खुश नहीं दिखता."

शेटने बंद मिलकडे एकदा पाहिलं. "मिल चालू रहे, तभी गाना," म्हणाला आणि व्यापाऱ्यासाठी दुसरा चहा सांगायला गेला.

लोक पांगले. धनवंताबाई तिथंच उभी.

"मलेबी शिकव."

"तुले? कायले?"

"घरी सासू हाये."

गुलशनने नाही म्हणायचं कारण शोधलं, सापडलं नाही. "गळ्यातून नको काढू, काकी. गळा बसते. पोटातून काढ."

"पोटात लय साचलं हाये," धनवंताबाईने पदर खोचला. "तू फक्त सांग, कवा सुरू करू."

तेवढ्यात लाईन आली. पट्टा फिरला, मिल घरघरली. गुलशनने मान हलवून इशारा केला. धनवंताबाईने डोळे मिटले आणि तोंड उघडलं. आवाज कोणालाच आला नाही. पण समोरून पोतं घेऊन जाणाऱ्या दुलीचंदने तिचा चेहरा पाहिला आणि पोतं स्वतःच्याच पायावर सोडलं.