नेवाशाचं कमळ

बहात्तरचा दुष्काळ पडायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मालक जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांच्या दहाव्यालाच माझा रांगोळीचा डबा माळ्यावर गेला, कारण आमच्यात विधवा बाई दारात रांगोळी घालत नाही. राहात्यातल्या निम्म्या लग्नांत माझ्या हातची रांगोळी असायची. तेव्हा "मनकर्णे, मनकर्णे" करणाऱ्या बायका आता मला बघितलं की तोंड फिरवायच्या. मला त्यांचा राग यायचा. अजून येतो.

"मला नेवाशाला जायचंय," मी दिराला, बन्सीभाऊजींना म्हटलं. "देवळाच्या भिंतीवर दगडात कमळं कोरलीत म्हनं. बघायचीत."

"प्रवरेला अंगूळ करून या की, वैनी. कोन न्हाई म्हनतंय? पर निस्ती नक्षी बघाया कोन जातं व्हय? लोक काय म्हनतील?"

"म्हनू द्या. लोकांनी दोन वर्सांत कदी च्या पाजला न्हाई."

सासूबाई चुलीपाशी भाकरी थापत होत्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. त्या स्वतः पंधरा वर्षांपासून विधवा. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली.

सकाळची एसटी धरली. नेवाशात गाडीतल्या बाकीच्या बायका नदीकडे वळल्या, मी सरळ देवळात गेले. देवाला हात जोडले आणि बाहेर येऊन भिंतीसमोर बसले. काय ते कमळ! आठ पाकळ्या, दर दोन पाकळ्यांमध्ये एक मिटलेली कळी, आणि रेघ कुठंच तुटलेली नाही. मला रडू आलं. कुणी बघतंय का, ते मी पाहिलंसुद्धा नाही.

मला लिहिता येत नाही. पण ठिपके मांडायला अक्षर कशाला लागतं? पिशवीतले चिंचोके काढून फरशीवर मधे तेरा, दोन्हीकडं उतरत एकापर्यंत, असे ठिपक्यांसारखे मांडले आणि बोटानं रेघा जोडत गेले. कळी काही केल्या बसेना. तीनदा मोडलं, चौथ्यांदा बसली.

"बाई, खेळ मांडलाय का हितं?" एकीनं विचारलं.

"व्हय," मी म्हटलं, "आन अजून संपला न्हाई."

दुसऱ्या दिवशी उजाडताच माळ्यावरचा डबा काढला. उंबऱ्याबाहेर दाराएवढं कमळ घालायला घेतलं. एकच पाकळी राहिली असताना बन्सीभाऊजी खांद्यावर कासरा टाकून आतून आले आणि उंबऱ्यातच थांबले.

"वैनी, पुसा ते."

"तुमी पुसा. द्या पाय त्याच्यावर आन जा रानात."

पाय काही उचलेना त्यांचा. मग त्यांनी मागं वळून हाक मारली, "आये, बघ गं ही काय करती!"

आत्याबाई पदराला हात पुसत आल्या. खाली बघत राहिल्या. मी डबा सोडला नाही. त्या गुडघ्यावर हात टेकत उंबऱ्यात बसल्या, डब्यातून चिमूट घेतली आणि राहिलेली पाकळी एका दमात ओढली.

"बन्सी," मान वर न करता त्या म्हणाल्या, "तू मागच्या दारानं जा."